मेडिकलचा अर्ज आणि बोरी अरबचं रजिस्टर

नीटचा निकाल लागला तेव्हा आम्ही वावरात सरकी, म्हणजे कपाशीचं बी, टोबत होतो. आमचं गाव महागाव तालुक्यातलं. आमच्या वावरात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर. सकाळपासून मी तीनदा चढून उतरले होते. चौथ्यांदा पान उघडलं. मी आकडा पाहिला, खाली उतरले, पुन्हा चढले आणि पुन्हा पाहिला. आकडा तोच होता.

बाबा तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी कंबर सरळ केली आणि कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत राहिले. मागच्या वर्षी मी याच कठड्यावरून रडत उतरले होते, त्यामुळे त्यांनी आवाज दिला नाही. आईच चालत आली. कमरेला खोचलेल्या ओट्यात सरकी तशीच होती.

"काय झालं वं?"

"वाढले, माय. लय वाढले."

"मंग लागन का नंबर?"

"काठावर हाये. पन लागू शकते."

आईने पदराने तोंड पुसलं आणि बाबांना हाताने बोलावलं. बाबा आले, त्यांनी मोबाइल हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही, उन्हामुळे काचेवर काही दिसतच नव्हतं. तरी ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता काय करा लागते?"

माझी समजूत अशी होती की परीक्षा दिली, मार्क पडले, आता कॉलेजवाले आपल्याला बोलावतील. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी महागावला जाऊन मी प्रवेशाची माहिती पुस्तिका छापून आणली. जाड पुस्तिका होती. बाजेवर पालथी पडून मी ती दोन दुपारी वाचली, पेन्सिलने खुणा केल्या. मेडिकलला अर्ज करणं ही आणखी एक परीक्षा आहे आणि तिचा अभ्यास कोणी शिकवत नाही, हे तेव्हा कळलं. मला त्याची भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मजा वाटत होती. वर्षभर घरात एकटीने बसून जीवशास्त्राचे धडे घोकले होते, आता बाहेर पडून काहीतरी मिळवून आणायचं होतं.

मी कप्पे असलेली एक निळी फाईल घेतली आणि प्रत्येक कप्प्यावर कागदाचं नाव चिकटवलं. दहावी, बारावी, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमिलेअर, मधल्या एका वर्षाचं प्रतिज्ञापत्र, तब्येतीचा दाखला. पंधरा दिवसांत कप्पे भरत आले. तहसीलच्या रांगेत उभं राहूनही मला कंटाळा येत नव्हता.

तब्येतीच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वजन, उंची, डोळे तपासले. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि विचारलं, "हे कशासाठी पाहिजे?"

"मेडिकलच्या ॲडमिशनसाठी."

त्यांनी नळ्या स्वतःच्या कानातून काढून माझ्या कानात घातल्या. म्हणाले, "ऐका."

धडधड इतक्या जवळून येत होती की मी दचकले. पुस्तकात मी त्याची चित्रं काढली होती, झडपांची नावं पाठ केली होती. आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकला. बाहेर रांगेतली माणसं कुरकुर करायला लागली तेव्हा डॉक्टरांनी नळ्या परत घेतल्या आणि दाखल्यावर सही केली.

एकच कप्पा रिकामा राहिला. जात वैधतेचा. बारावीत असताना कॉलेजातून अर्ज केला होता, पण यवतमाळच्या समितीने त्रुटी काढली होती. आजोबांचा जुना, ठरावीक सालाच्या आधीचा पुरावा जोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या वर्षी मार्कच कमी पडले, म्हणून त्या पत्राकडे कोणी फिरून पाहिलं नाही. आता पाहिलं. वैधता नसेल तर राखीव जागेवर प्रवेश नाही, आणि माझे मार्क काठावरचे.

"बाबाचा कायचा कागद अशीन," बाबा त्यांच्या वडिलांबद्दल म्हणाले. "शाळेचं तोंड पाह्यलं नाई तेनं."

आजोबांना आम्ही आबाजी म्हणायचो. मी सातवीत असताना ते गेले. ते वावरात राबत, ढोरं सांभाळत, आणि वेळ आली की कागदावर सही करत. ती सही त्यांना कोणी शिकवली, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं.

निकालाची बातमी ऐकून मोठे बाबा उमरखेडहून आले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण अजूनही पहाटे चारला उठून दाढी करून बसतात. त्यांनी पेढ्याचा पुडा आईकडे दिला, पाणी प्यायले आणि फाईल मागितली. प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. रिकाम्या कप्प्याशी थांबले.

"हे काहून खाली हाये?"

मी सांगितलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"बाबा शाळेत गेलते. बोरी अरबले."

"कोन सांगतलं तुले?" बाबा म्हणाले.

"तेनंच सांगतलं. माह्याच गाडीत. यवतमाळले डोळ्याच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो, तं समोरच्या शिटावर बसले होते. बोरी आली आन् खिडकीतून हात दाखवला, म्हने ते पाह्य, तथी शिकलो मी. मामाच्या घरी राहून."

"मले तं कधी बोलले नाई."

"तू इचारलं कधी?"

मी पुस्तिका मिटली आणि विचारलं, "मोठे बाबा, बोरीला जायला किती वेळ लागते?"

त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं नाही. "सकाळी सहाची पकडली तं पुसद, पुसदहून दिग्रस, दारव्हा, आन् तिथून यवतमाळची गाडी. अकराच्या आत शाळेत."

दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही शाळेच्या फाटकात होतो.

प्राथमिक शाळा होती. व्हरांड्यात पोरं रांगेने बसून पाढे म्हणत होती. मुख्याध्यापक एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. मी लेखी अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "इतकं जुनं रजिस्टर असेल की नाही, मला माहीत नाही. मी येऊन दोनच वर्षं झाली. पण पेटी आहे. तुम्हीच शोधा, माझ्यासमोर बसून. पान फाटता कामा नये."

ऑफिसच्या कोपऱ्यात लोखंडी पेटी होती. कुलूप उघडायला तेल घालावं लागलं. आतून जुन्या कागदाचा आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा वास आला. कोण्या जुन्या गुरुजींनी वाळवी लागू नये म्हणून पाला घालून ठेवला असावा. लाल कापडी पाठीची सहा रजिस्टरं निघाली. दोन रजिस्टरांच्या कडा खाल्लेल्या होत्या, पण अक्षर शाबूत होतं. काळी शाई, ठसठशीत वळण.

आम्ही आबाजींच्या वयावरून हिशेब केला. सातव्या वर्षी शाळेत घातलं असेल, म्हणजे अमुक साल. त्या सालाची पानं मी बोटाने एकेक ओळ धरून वाचली. नाही. मागचं साल पाहिलं, पुढचं पाहिलं. मोठे बाबा दुसऱ्या रजिस्टरवर वाकले होते. एक वाजला. पोरांना खिचडी वाढली, तेव्हा मॅडमनी दोन ताटं आमच्यापुढेही आणवली. आम्ही हात धुऊन, रजिस्टरं लांब सारून, घाईघाईने जेवलो.

मोठे बाबा जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र मध्येच थांबले.

"सातव्या वर्सी कायले येतीन ते इथं? आई होती ना तेयची."

"म्हनजे?"

"आई गेली मंग मामानं आनलं तेईले. तेव्हा दहा वर्साचे होते. बारक्या बहिनीले खांद्यावर घेऊन चालत आलते म्हने."

मी ताट तसंच ठेवलं आणि हात धुतला. दहा वर्षं म्हणजे तीन सालं पुढे. ते रजिस्टर आम्ही अजून उघडलंच नव्हतं. यावेळी मी नावांच्या रकान्याकडे पाहिलंच नाही. जन्मगावाचा रकाना धरला. बोरी, बोरी, बोरी, लाडखेड, बोरी. सगळी आसपासची गावं. पान उलटलं. बोरी, बोरी. आणि मग आमच्या गावाचं नाव.

इतक्या दूरचं गाव त्या पानावर एकच होतं. मी बोट तिथेच ठेवलं आणि डावीकडे सरकत गेले. आबाजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, जात. सगळं. मी मोठ्या बाबांची बाही ओढली.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि मोठ्याने वाचायला लागले, जसं पूर्वी गाडीत थांब्यांची नावं घ्यायचे तसं, एकेक शब्द सुटा. दाखल इयत्ता पहिली. सोडली तेव्हा तिसरी. अभ्यासातील प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, गावी ढोरं राखण्यास.

तिथे ते थांबले. पुन्हा एकदा वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलले. मग चष्मा काढून मॅडमना म्हणाले, "तिसरीत प्रगती चांगली लिवली हाये, मॅडम."

"हो," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांची लिहीत नाहीत."

बाबांना फोन लावला. ते कपाशीतली डवरणी सोडून फोनची वाट पाहत विहिरीच्या कठड्यावरच उभे होते. मी सगळी ओळ वाचून दाखवली. पलीकडे वारा होता, त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "अजून एकडाव वाच."

मॅडमनी उतारा हाताने लिहायला घेतला. मी शेजारी उभी राहून रजिस्टरातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहत होते, कारण एक वेलांटी चुकली तरी परत यावं लागलं असतं, आणि एकदा त्यांनी आमच्या गावाच्या नावातला काना गाळला तो मी दाखवलाही. त्या रागावल्या नाहीत. नवा कागद घेऊन पुन्हा लिहिलं. शिक्का मारायचा तर शाईचा पॅड कोरडा पडलेला, त्यात चार थेंब पाणी टाकलं. शिक्का उमटला. सही झाली. मी तो कागद फुंकर घालून वाळवला.

चार वाजून गेले होते. मला वाटलं आता घरी जायचं. मोठे बाबा फाटकाबाहेर उलट दिशेला चालायला लागले.

"मोठे बाबा, दारव्ह्याची गाडी इकडून हाये ना?"

"घरी कायले जातं? यवतमाळ इथून पाऊन तास. ऑफिस बंद व्हायच्या आत कागद टाकू. चाल, गाडी आली पाह्य."

गाडी नुसती आली नव्हती, निघाली होती. आम्ही पळालो. मी पुढे, फाईल छातीशी, आणि निवृत्त कंडक्टर मागे धोतर सावरत. त्यांनी हात वर करून आवाज दिला, "ओ मास्तर, थांबा, दोन शिटं हायेत." गाडी थांबली. आत उभं राहायलाच जागा होती. मला इतकं हसू येत होतं की बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मोठे बाबा दांडा धरून उभे होते, धापा टाकत होते, आणि तेही हसत होते. मी त्यांना असं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

समितीच्या ऑफिसात पोचलो तेव्हा बंद व्हायला अर्धा तास राहिला होता. खिडकीतल्या बाबूंनी उतारा घेतला, वंशावळीचा कागद काढून त्याच्याशी जुळवला, मान हलवली. "हेच पाहिजे होतं," ते म्हणाले. पोच दिली. "मूळ रजिस्टर आम्ही शाळेकडून तपासून घेऊ. मेलवर येईल. रोज विचारायला येऊ नका."

रोज गेले नाही. मेल मात्र दिवसातून आठदा उघडला.

तोवर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. महागावच्या ज्या दुकानात आम्ही ऑनलाइन अर्ज भरत होतो, तिथला माणूस म्हणाला, "ताई, तुमच्या मार्कांवर जे लागू शकते तेच वर टाका. मोठी कॉलेजं वर टाकली तर नंबर वाया जातो." तो वाईट माणूस नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. पण मी पुस्तिका पेन्सिल हातात घेऊन वाचली होती. यादी वरून खाली बघत जातात, आणि जिथे आपला नंबर बसतो तिथे थांबतात. वर टाकल्याने काही वाया जात नाही. खाली टाकल्याने मात्र हवं ते हातचं जातं.

"मी उद्या येते," मी त्याला म्हटलं.

घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एकेका सरकारी कॉलेजचं नाव लिहिलं, चिठ्ठ्या कापल्या आणि ओसरीत मांडल्या. उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर तुरीचे चार दाणे. मोठे बाबा मुक्कामालाच होते. त्यांनी थेट गाडी कुठे कुठे जाते त्याप्रमाणे चिठ्ठ्या सरकवल्या. आईने यवतमाळची चिठ्ठी उचलून सगळ्यांत वर ठेवली आणि लांबच्या सगळ्या तळाला नेल्या.

"माय, दवाखाना मोठा कुठं हाये ते पाह्यनं पडते. पेशंट जास्त, तं शिकायले जास्त."

"पेशंट सगळीकडेच हायेत," आई म्हणाली.

बाबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तिले लावू द्या. शिकाचं तिले हाये." मग वाकून त्यांनी एक चिठ्ठी सरळ केली, जागेवरून हलवली नाही. आईची यवतमाळची चिठ्ठी मी वरच ठेवली, कारण मलाही तेच हवं होतं. बाकीच्या माझ्या मनाने लावल्या. एकही गाळली नाही. तळाच्याही नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी स्वतः माऊस हातात घेतला आणि त्याच क्रमाने सगळं भरलं. दुकानदार शेजारी उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, ही पुस्तिका मले एक दिवस द्या वाचाले." मी दिली.

वैधतेचा मेल एका मंगळवारी दुपारी आला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच मोबाइल उघडला, आणि मग पीठ पुसून पुन्हा उघडला. खरंच होतं. तव्यावरची भाकरी करपली. आईने ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. तो दिवस मी निंदणात काढला. पण मागच्या वर्षीसारखं रडू आलं नाही. माझ्या पुढे किती जण उरलेत याचा हिशेब मी मातीवर काडीने मांडून पाहिला होता आणि तो मला पटत होता.

दुसऱ्या यादीच्या दिवशी आम्ही तिघंही कपाशीत होतो. झाडं कमरेला आली होती. मी कठड्यावर चढले. यादी मोठी होती, उघडायला वेळ लागला. नाव सापडलं. समोर कॉलेज होतं विदर्भाच्या पार पूर्वेच्या टोकाचं, आईने तळाला नेलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक.

"लागला," मी म्हटलं. फार मोठ्याने नाही, पण बाबांना ऐकू गेलं. ते तासातून सरळ न येता झाडं तुडवतच आले. आमच्या घरात कपाशीच्या झाडाला पाय लागला तर बोलणी बसतात. आईने ते पाहिलं आणि तीही तशीच आली.

"कोठी?" आईने विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. तिने थोडा विचार केला.

"तथी भात खातेत," ती म्हणाली. "तुले आवडते भात."

चार दिवसांनी मोठे बाबा धरून आम्ही चौघं निघालो. दोन गाड्या, मग रेल्वे. आई पहिल्यांदा रेल्वेत बसली, तिने पूर्ण प्रवासभर खिडकी सोडली नाही, आणि बाहेर कपाशी जाऊन धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांध्या लागल्या तेव्हा बाबांना कोपराने ढोसून दाखवल्या. कॉलेजात कागद तपासायला लांब टेबल होतं. तिथल्या मॅडमनी माझी फाईल घेतली, कप्पे पाहिले, एकेक मूळ कागद काढून शिक्के पाहिले. बाजूच्या मुलाचा एक दाखला घरी राहिला होता, त्याचे वडील फोनवर कोणाला तरी समजावत होते. मला ऐकून कसंतरी झालं. मॅडमनी त्यांना पाणी दिलं, दोन दिवसांची मुदत आहे म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझं झालं. सोमवारी आठ वाजता पहिलं लेक्चर. ॲप्रन घेऊन ये."

आई, बाबा आणि मोठे बाबा संध्याकाळच्या रेल्वेने परत जाणार होते. त्याआधी त्यांनी माझी पेटी होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर चढवून दिली. खोलीत तीन खाटा होत्या आणि अजून कोणी आलेलं नव्हतं. मी खिडकीजवळची घेतली.